व्हेनिस, दोघांसाठी: कमी खर्चात पण थाटात

व्हेनिसला स्वस्तात जायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. मुक्काम बेटावर करू नका, अलीकडे मेस्त्रेला करा, तिथे खोली निम्म्या भावात मिळते. पहिल्या खेपेस आम्ही तो मानला. दिवसभर गर्दीतून फिरलो आणि संध्याकाळी, नेमके पाण्यावर दिवे उमटायच्या वेळेला, घड्याळ बघत स्टेशनकडे निघालो. दुसऱ्या खेपेस तीन रात्री बेटावर राहिलो आणि तेव्हा कळलं की आपण हे गाव पाहिलंच नव्हतं. दिवसापुरते येणारे लोक संध्याकाळी पाच-सहाला परततात. त्यानंतरचं आणि सकाळी आठच्या आधीचं व्हेनिस दोघांनी मिळून अनुभवायचं. त्याला तिकीट नाही, फक्त त्या वेळी तिथे असावं लागतं.

म्हणून माझं गणित असं: पैसे खोलीवर खर्च करा, मनातल्या एखाद्या हौसेवर खर्च करा, बाकी सगळीकडे हात आखडता ठेवा. पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याला हे कसं जमवता येईल ते पायरीपायरीने सांगते. आकडे 2025 च्या सुमाराचे आहेत. हिशोबाला सोपं म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा, प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतील.

1. आधी तारखा

मे ते सप्टेंबर टाळा. उकाडा, रेटारेटी आणि चढे भाव, तिन्ही एकदम भेटतात. शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नसेल तर नोव्हेंबर सर्वांत चांगला. 1 नोव्हेंबरला इटलीत सुट्टी असते. ती उलटली की खोल्यांचे दर उतरतात आणि नाताळच्या तोंडावर पुन्हा चढतात. दुसरा स्वस्ताईचा काळ 6 जानेवारीनंतर येतो आणि मुखवट्यांचा कार्निव्हल सुरू होईपर्यंत टिकतो. कार्निव्हलची तारीख ईस्टरवरून ठरते, बहुधा तो फेब्रुवारीत येतो. तो बघायचाच असेल तर वेगळं बजेट काढा.

नोव्हेंबरात थंडी असते, धुकं असतं, कधी दिवसभर पाऊस असतो. पण सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे चारला न उठताही सूर्योदय गाठता येतो. मावळतो पाचच्या आत, म्हणजे लांबलचक संध्याकाळ पदरात पडते. धुक्यात पलीकडचा किनारा दिसेनासा होतो आणि वल्ह्याचा आवाज तेवढा येत राहतो. मला हे गाव उन्हापेक्षा धुक्यात जास्त आवडलं.

भीती असते ती पाण्याची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिथेही तसंच आहे. त्यात दक्षिणेकडून सिरोक्को वारा सुटला की अॅड्रिॲटिक समुद्राचं पाणी त्या उथळ खाडीत लोटलं जातं आणि चौकाचौकांत चढतं. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री भरतीची पातळी 187 सेंटीमीटरपर्यंत गेली होती. ऑक्टोबर 2020 पासून मात्र खाडीच्या तोंडांवर ‘मोझे’ नावाचे समुद्राच्या तळाशी बसवलेले दरवाजे आहेत. साधारण 110 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरतीचा अंदाज असला की ते उभे केले जातात. त्यापेक्षा कमी भरतीला सान मार्को चौकात घोट्याएवढं पाणी येऊ शकतं, कारण तो भाग सर्वांत सखल आहे. तेव्हा लाकडी फळ्यांच्या उंच वाटा टाकतात आणि काही तासांत पाणी ओसरतं. तारखा ठरवताना कालनिर्णय उघडून अमावास्या-पौर्णिमा बघून ठेवा, हाच ठोकताळा तिथेही लागू पडतो.

शक्य असेल तर 21 नोव्हेंबर गाठा. 1630-31 च्या प्लेगमधून गाव वाचलं म्हणून मोठ्या कालव्याच्या (ग्रँड कॅनॉलच्या) तोंडाशी सांता मारिया देल्ला सालूते हे चर्च नवसाने बांधलं गेलं. त्या दिवशी कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि गावातले लोक तो ओलांडून मेणबत्ती लावायला जातात. हा उत्सव पर्यटकांसाठी मांडलेला नाही, तो गावाचा स्वतःचा आहे. आम्ही दोघांनी एक मेणबत्ती लावली आणि आजीबाईंच्या रांगेतून हळूहळू बाहेर पडलो.

2. व्हिसा आणि तिकीट

शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढाला 90 युरो आहे, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. तुम्ही मात्र दोन-अडीच महिने हाताशी ठेवा, कारण भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावं लागतं. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा, बँकेचं खातेपत्रक, आयकर विवरणपत्रं, नोकरीतून रजेचं पत्र आणि मुक्कामाचं बुकिंग ही मुख्य कागदपत्रं. पासपोर्टावर दोघांची आडनावं वेगळी असतील तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. खोली अर्जाआधीच लागते, म्हणून ती विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्या.

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूल इथे विमान बदलून व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरता येतं. पण मिलान किंवा रोमचं तिकीट बरंच स्वस्त दिसलं तर तेच घ्या आणि पुढे रेल्वेने जा. मिलानहून अडीच तास लागतात, रोमहून चारेक तास. या मार्गांवर त्रेनइतालिया आणि इतालो अशा दोन कंपन्या धावतात. त्यांच्यातल्या स्पर्धेमुळे आधी काढलेली तिकिटं स्वस्त पडतात. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. तिकिटावर ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ हे स्टेशन हवं. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ म्हणजे खाडीच्या अलीकडची जमीन.

3. खोली: इथे कंजुषी करू नका

जुनं गाव सहा विभागांत वाटलेलं आहे: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. सान मार्कोच्या जवळ राहू नका. पैसे तिथे सर्वांत जास्त आणि शांतता सर्वांत कमी. उत्तरेकडचं कान्नारेज्यो किंवा कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग निवडा. तिथे अजून लोक राहतात, खिडकीतून वाळत घातलेले कपडे दिसतात, शाळा सुटल्यावर चौकात पोरं फुटबॉल खेळतात. पाण्यापलीकडच्या ज्युदेक्का बेटावरही बरे दर मिळतात, आणि तिथून समोर उभं असलेलं अख्खं गाव दिसतं. फक्त तिथे प्रत्येक वेळी बोटीने जावं लागेल, हे हिशोबात धरा.

आम्ही कान्नारेज्योत रात्रीला 105 युरोंची खोली घेतली. ती लहान होती, दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती. पण खिडकीखाली अरुंद कालवा होता आणि सकाळी भाजीची होडी गेली की पाण्याचा प्रकाश छतावर हलायचा. बुकिंगआधी घरमालकाला तीन प्रश्न विचारा. बोटीच्या थांब्यापासून खोलीपर्यंत पूल किती? जिना किती? थंडीत हीटर आहे ना? काही ख्रिस्ती मठ (कॉन्व्हेंट) पाहुण्यांना साध्या, स्वच्छ खोल्या देतात. त्या स्वस्त असतात, पण रात्री दार बंद व्हायची वेळ आधीच विचारून घ्या, कारण आपला सगळा बेत रात्रीचा आहे.

बेटावर राहणाऱ्याला माणशी, दर रात्रीला एक ते पाच युरो पर्यटन कर पडतो. तो खोलीच्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो आणि अनेक ठिकाणी रोख मागतात. दिवसापुरत्या येणाऱ्यांवर जो प्रवेशकर आहे तो वेगळा. 2025 मध्ये तो एप्रिल ते जुलैमधल्या 54 दिवसांना लागू होता, आधी भरला तर 5 युरो आणि ऐनवेळी 10. मुक्कामी पाहुण्यांना तो माफ असतो, मात्र त्या दिवसांत जाणार असाल तर शहराच्या संकेतस्थळावर नोंद करून सवलतीचा कोड घ्यावा लागतो.

बजेट खरंच ताणलेलं असेल तर दोन रात्री मेस्त्रेला काढा, पण एक तरी रात्र बेटावर राहा.

4. बॅग आणि थाट

या गावात चाकं चालत नाहीत. चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. विमानात हाताशी ठेवता येते तेवढी एकेक बॅग, त्याहून मोठं काही नेऊ नका.

थाट मी मुद्दाम म्हटलं, कारण कमी खर्च म्हणजे गबाळं दिसणं असं उगीच समजलं जातं. लांब लोकरी कोट दोघांना हवेत. विकत घ्यायची गरज नाही, थंड देशात जाऊन आलेल्या नातेवाइकांकडून मागून आणा. आत साधे, एकरंगी कपडे चालतात. बूट रबरी तळाचे, पाण्यात भिजले तरी चालतील असे. टाचांच्या चपला त्या ओल्या दगडांवर एका दिवसात जीव घेतील. मी एक इरकल साडी नेली होती, तिला वजन नाही आणि इस्त्री फारशी लागत नाही. सकाळी सातला सान मार्को चौकात आतून गरम बनियन, वर उंच गळ्याचा काळा स्वेटर आणि त्यावर ती साडी, असे फोटो काढले. चौकात आम्ही, दोन झाडूवाले आणि कबुतरं, बाकी कुणी नव्हतं. असे फोटो काढून देणारे लोक तिथे तासावर मोठी रक्कम घेतात. आम्ही फोन दगडी खांबाला टेकवून काढले.

एक मोठी ओढणी किंवा स्टोल नेहमी जवळ असू द्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

खाऊ नेताना युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवा, बाहेरच्या देशातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. चिवडा-चकली न्या, पेढे-बर्फी घरी ठेवा.

5. उतरल्यावर

विमानतळावरून 5 क्रमांकाची बस किंवा एक्स्प्रेस बस पिआत्साले रोमा या शेवटच्या मोटार-थांब्यावर पंचवीसेक मिनिटांत सोडते, भाडं माणशी सुमारे 10 युरो. पाण्यातून येणारी आलिलागुना बोट थोडी महाग आणि बरीच सावकाश. पाण्यावरची टॅक्सी शंभर युरोंच्या वर जाते, तिचा विचार सोडा.

रेल्वेने आलात तर पहिलं दर्शन याहून चांगलं. सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्यांवर आलात की समोर रस्ता नसतो, थेट मोठा कालवा असतो. तिथे पाच मिनिटं बाजूला उभे राहा. पुढे जायची घाई करू नका.

पैशांबाबत एक सूचना. कार्ड देताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? दरवेळी युरो निवडा. रुपये निवडले तर दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

6. वाटा ओळखा

घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसतात, सबंध विभागाला ओळीने दिलेले असतात, त्यामुळे पत्त्यात कान्नारेज्यो 3000 आणि काहीतरी असं येतं. त्यावरून घर सापडत नाही. घरमालकाकडून बोळाचं आणि जवळच्या चौकाचं नाव लिहून घ्या.

चार शब्द शिकलात की नकाशा वाचता येतो. ‘काल्ले’ म्हणजे बोळ. ‘फोंदामेंता’ म्हणजे कालव्याच्या कडेची वाट. ‘कांपो’ म्हणजे चौक, मूळ अर्थ शेत. ‘पिआत्सा’ ही पदवी एकट्या सान मार्कोला, बाकी सगळे कांपोच. आणि ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा, आज रस्ता झालेला. भिंतींवर रियाल्तो (मोठ्या कालव्यावरचा पूल), सान मार्को, स्टेशन यांच्या दिशेचे पिवळे फलक असतात. रात्री फोनची बॅटरी संपली तरी ते घरी पोचवतात. अरुंद बोळात उजव्या बाजूने चाला, पुलाच्या माथ्यावर थांबून वाट अडवू नका, आणि पुढे जायचं असेल तर ‘पेर्मेस्सो’ म्हणा. इथल्या माणसांना हीच वाट कामावर जायला असते.

7. पाण्यावर: कशात बसायचं, कशात नाही

गावातली बस म्हणजे व्हापोरेत्तो. एका तिकिटाला 9.50 युरो पडतात आणि ते 75 मिनिटं चालतं. दोघांनी सहज दोन वेळा बसलात की 38 युरो गेले. 24 तासांचा पास 25 युरोंना, 48 तासांचा 35 ला आणि 72 तासांचा 45 ला मिळतो. सगळे दिवस पास घेऊ नका. गाव लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पाऊण-एक तासात चालत जाता येतं. 24 तासांचा एकच पास घ्या आणि तो हुशारीने वापरा, कारण त्याचे तास यंत्राला लावल्यापासून मोजतात.

आमचा बेत असा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पास लावला. बोटीने सान जोर्जो माज्जोरे बेटावर गेलो. तिथल्या घंटाघराच्या वर लिफ्ट जाते, आणि सान मार्कोच्या घंटाघरापेक्षा तिकीट स्वस्त नि रांग छोटी असते. शिवाय इथून जे दृश्य दिसतं त्यात सान मार्कोचं घंटाघर असतं, तिथून दिसणाऱ्या दृश्यात ते नसतं. दिवे लागायच्या वेळी पिआत्साले रोमाहून 1 क्रमांकाच्या बोटीत बसलो. ही बोट मोठ्या कालव्यातल्या जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबते आणि पाऊण तास घेते, नेमकं तेच हवं. बाहेरची जागा पकडा. राजवाड्यांच्या खिडक्यांत झुंबरं लागलेली असतात, चित्रं काढलेली छतं खालून दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंदामेंते नोव्हेहून 12 क्रमांकाच्या बोटीने बुरानोला गेलो, पाऊण तासाचा रस्ता. रंगीत घरांचं कोळ्यांचं बेट, तिथली सुईची लेस प्रसिद्ध आहे. नऊच्या आत पोचा, कारण अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. परतताना मुरानोला उतरून काचेच्या भट्ट्या पाहिल्या. आगीच्या भीतीने 1291 मध्ये गावातल्या भट्ट्या तिथे हलवल्या गेल्या, तेव्हापासून त्या तिथेच आहेत. दुपारी एकच्या आत शेवटची बोट पकडली.

आता गोंडोला. सरकारी दर दिवसा 30 मिनिटांना 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110 युरो. हा दर होडीचा आहे, माणशी नाही, आणि एका होडीत पाच जण बसतात. गाणं हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. लोक सांगतात, घेऊ नका, लुबाडतात. मी म्हणते, मनात असेल तर घ्या, दुसरं काहीतरी सोडा. ही होडी साधी नाही. आठ जातींच्या लाकडांच्या 280 तुकड्यांतून ती घडते आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त फुगीर असते, म्हणून एका बाजूला उभं राहून एकाच वल्ह्याने ती सरळ चालवता येते. फक्त सान मार्कोच्या धक्क्यावर बसू नका, तिथे लाटा आणि रांगा असतात. आतल्या एखाद्या छोट्या कालव्यावरचा थांबा शोधा, वेळ आणि रक्कम बसण्याआधी बोलून घ्या, आणि अंधार पडायच्या जरा आधी, दिवसाच्या दरात निघा. नोव्हेंबरात पाचलाच अंधारतं, म्हणजे सातच्या आत रात्रीचं व्हेनिस 90 युरोंत होतं. उन्हाळ्यात जाणाऱ्याला ही सोय नाही.

नसेल घ्यायचा, तर त्रागेत्तो आहे. आपल्याकडे नदी ओलांडायला होडी असते, तीच ही. जिथे जवळ पूल नाही तिथे दोन नावाडी जुन्या गोंडोलातून मोठ्या कालव्याच्या पलीकडे सोडतात, बाहेरच्या माणसाला 2 युरो. सांता सोफियाहून रियाल्तोच्या बाजाराकडे जाणारी होडी बहुतेकदा चालू असते. गावातले लोक उभ्यानेच जातात. नवऱ्याचा हात धरून मीही उभी राहिले, दोन मिनिटांत पलीकडे.

8. खाणं

इथे आमची एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या खेपेस सान मार्कोजवळच्या एका खाणावळीत माशाच्या ताटापुढे 8 युरो लिहिलेलं बघून बसलो. खाली बारीक अक्षरात ‘एत्तो’ होतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा सहाशे ग्रॅमचा निघाला आणि बिल बघून दोघंही गप्प झालो. मासा मागवायचा असेल तर सगळ्याचे मिळून किती, हे आधी विचारा. ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचे माणशी दोन-चार युरो, तो फसवणुकीचा प्रकार नाही, तिथली रीत आहे.

रोजचं पोट भरायला बाकारो शोधा. ही गावातली जुनी दारूची दुकानं. काचेच्या कपाटात चिकेत्ती मांडलेले असतात, म्हणजे पावाच्या चकतीवर किंवा काडीला टोचून दिलेले घासभर पदार्थ. एकाला दोन-तीन युरो. सोबत वाइनचा छोटा पेला, त्याला ‘ओंब्रा’ म्हणतात. ओंब्रा म्हणजे सावली. पूर्वी घंटाघराच्या सावलीत वाइन विकणारे उभे असत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. नारिंगी रंगाचं कडसर स्प्रिट्झ हे इथलं लाडकं पेय, बाकारोत उभ्याने पाचेक युरोंना मिळतं. कान्नारेज्योत मिझेरिकोर्दिया आणि ओर्मेसिनी या कालव्याकाठच्या वाटांवर अशी दुकानं ओळीने आहेत. एका ठिकाणी दोन घास, पुढच्या ठिकाणी दोन, असं करत दोघांचं जेवण पंचवीस-तीस युरोंत होतं, आणि पेला हातात घेऊन कालव्याच्या काठावर उभं राहण्याचं सुख कुठल्याच टेबलावर नाही.

मासे खाणाऱ्यांनी ‘सार्दे इन साओर’ चुकवू नये. आपल्या तारलीच्या जातीचा मासा तळून कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोज्यांत मुरवतात. खलाशांना समुद्रावर टिकावा म्हणून निघालेला हा पदार्थ, मालवणी माणसाला पहिल्या घासात पटेल. ‘स्किए’ म्हणजे खाडीतली इवलीशी कोळंबी, करंदीसारखी, मऊ पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या लापशीवर, घालून देतात.

शाकाहारी लोकांनी दोन सापळे ओळखावेत. ‘बिगोली इन साल्सा’ ही नुसत्या कांद्याची शेवई वाटते, तिच्यात अँचोवी मासा असतो. तळलेल्या चीज-पावाच्या ‘मोत्सारेल्ला इन कारोत्सा’तही बऱ्याचदा अँचोवी किंवा हॅम भरतात. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, मांस नको, मासा नको, हे वाक्य पाठ करा. नोव्हेंबरात भोपळ्याचे पदार्थ असतात, त्रेव्हिझोचा लालबुंद कडू राडिक्यो ही पालेभाजी येते, आणि आर्टिचोक या भाजीचे तळलेले गाभेही मिळतात. दुपारच्याला मऊ पावाचे त्रामेझ्झिनी, अंड्याचे किंवा भाज्यांचे, पुरे होतात.

कॉफी उभ्याने प्या, दीड युरोच्या आसपास मिळते. त्याच दुकानात बसलात की भाव दुप्पट-तिप्पट होतो. सान मार्को चौकात 1720 पासून चालू असलेलं काफे फ्लोरियान आहे. तिथे वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात. गोंडोला नको असेल आणि हौस इथे भागवायची असेल तर जरूर बसा, पण ठरवून बसा. नाहीतर रात्री चौकाच्या कडेला उभं राहून तेच संगीत ऐका. आम्ही तेच केलं.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात, पाणी चांगलं आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दीड युरो पडतो, म्हणून कॉफीच्या दुकानातच उरकून घ्या.

9. काय बघायचं, काय सोडायचं

डोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा माणशी तीस युरोंच्या आसपास जातो. महिनाभर आधी ऑनलाइन काढलं तर काही युरो वाचतात. इतिहासाची आवड असेल तर बघाच, नसेल तर बाहेरून पाहूनही मन भरतं. त्याच्या बाजूच्या निःश्वासांच्या पुलापाशी जोडपी फोटो काढतात. प्रत्यक्षात तो राजवाड्यातून कैद्यांना तुरुंगात नेण्याचा बंदिस्त पूल आहे.

सान मार्कोच्या बासिलिकाचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, वेळेचं तिकीट आधी काढा, सोन्याच्या मोझेइकांखाली मान वर करून उभं राहायला वेळ ठेवा. फ्रारी चर्चमध्ये थोड्या पैशांत तित्सियानोने रंगवलेलं मेरीचं स्वर्गारोहण बघायला मिळतं, 1518 मध्ये ज्या वेदीसाठी लावलं तिथेच ते आजही आहे. आकादेमिया हे सरकारी संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतं. सालूते चर्चला प्रवेश फुकट.

रियाल्तोचा बाजार सकाळी आठला बघा. मासळीचा भाग रविवारी आणि सोमवारी बंद असतो. मलबारची काळी मिरी शतकानुशतकं अलेक्झांड्रियामार्गे याच धक्क्यांवर उतरायची आणि इथून युरोपभर जायची. या राजवाड्यांच्या संगमरवरात आपल्या मिरीचाही पैसा आहे, हे बाजारात उभं राहिल्यावर जाणवतं.

कान्नारेज्योतली ज्यूंची वस्ती, 1516 मध्ये वसवलेली, दुपारी चालत बघा. ‘घेट्टो’ हा शब्द जगाला इथून मिळाला. जागा कमी म्हणून घरं उंच वाढत गेली, मजल्यांची उंची बुटकी. तिथून मावळतीला झात्तेरेच्या काठाला या. रुंद पाणी, पलीकडे ज्युदेक्का, आणि सूर्य समोर.

काही गोष्टींना इथे दंड आहे: सान मार्को चौकात किंवा पुलाच्या पायऱ्यांवर बसून खाणं, कबुतरांना दाणे टाकणं, कालव्यात उतरणं. डबा खायचा असेल तर पूर्व टोकाला सांत एलेनाच्या बागेत बाकांवर बसा, समोर खाडी असते.

10. दोघांचा, तीन रात्रींचा हिशोब

खोली 330 युरो, पर्यटन कर 20 च्या आसपास. विमानतळाची बस जाऊन-येऊन 40. व्हापोरेत्तोचे दोन पास 50. रोजचं खाणं 45 प्रमाणे तीन दिवसांचे 135, एक निवांत रात्रीचं जेवण 80. तिकिटं 50. गोंडोला 90. एकूण 795 युरो, म्हणजे जवळजवळ ऐंशी हजार. व्हिसा आणि विमान वेगळं. गोंडोला आणि ते जेवण यांतलं एक सोडलंत तर सत्तर-बाहत्तर हजारांत बसतं. खरेदीला मुरानोच्या काचेच्या मण्यांची साधी माळ घ्या, पण दुकानात ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघून. रियाल्तोवर पाच युरोंना मिळणारी काच बहुधा दुसरीकडून आलेली असते.

11. निघायच्या सकाळी

शेवटच्या दिवशीचं विमान दुपारनंतरचं घ्या. बॅगा आदल्या रात्री भरून ठेवा, खोली सोडायची वेळ घरमालकाशी बोलून घ्या आणि सहा-साडेसहाला रिकाम्या हातांनी बाहेर पडा. पाव भाजल्याचा वास बोळात आलेला असतो. कालव्यांतून दूध, भाज्या, कचरा, विटा, सगळं होड्यांतून निघालेलं असतं, आणि नावाडी एकमेकांना हाका मारत वळणं घेतात. पहिल्या उघडलेल्या दुकानात उभ्याने कॉफी प्या. मग परत येऊन बॅगा उचला आणि पुलांच्या पायऱ्या मोजत पिआत्साले रोमाला जा. बसचं तिकीट यंत्राला लावायला विसरू नका, तपासनीस विमानतळाच्या बसमध्येही चढतात.